लवंगेएवढं वायफाय

बनुबाईच्या घरात कुठलीही नवी वस्तू हळदकुंकू लागल्याशिवाय कामाला लागत नसे. नांगराचा फाळ असो, मिक्सर असो, नाहीतर मुलाने, हर्षदने, मुंबईहून पाठवलेला पंखा असो, आधी बनुबाईचं बोट लागायचं आणि मग वीज. म्हणून गुरुवारी पहाटे जाग आली तेव्हा तिला पहिल्यांदा हेच आठवलं, की काल संध्याकाळी घरात एक नवी वस्तू आली, कामालाही लागली, आणि तिला कुणी कुंकवाचं बोट लावलं नाही. त्यातून मार्गशीर्षातला गुरुवार.

वस्तू लवंगेएवढी होती. बनुबाईच्या नवऱ्याने, कुशाबाने, ती महाडच्या बाजारातल्या साकिबच्या दुकानातून आणली होती. साकिब म्हणजे पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या मुश्ताकचा पुतण्या.

"चाचा, हे कॉम्प्युटरला खोचायचं. मग वायफाय सुटत नाही," साकिब म्हणाला होता.

"एवढंसं?"

"एवढंसंच. आता मोठं काही राहिलं नाही दुनियेत."

कुशाबाने ती लवंग खिशात टाकली आणि एसटीत पोलादपूरपर्यंत खिशावर हात ठेवून बसला, चिमणीचं पिल्लू घरी न्यावं तसा. पुढच्या वळणावळणाच्या रस्त्यावर त्याला डुलकी लागली, पण हात खिशावरून हलला नाही.

करंजकोंड सावित्रीच्या खोऱ्यात, दोन डोंगरांच्या मधल्या बेचक्यात होतं. मोबाइलची रेंज डोंगरावरून निघून जायची, खाली उतरायची नाही. मुश्ताक वीस वर्षं कुवेतला ट्रक चालवून परत आला आणि त्याने घरी इंटरनेटची वायर ओढून घेतली. तिचा डबा त्याने कुशाबाच्या घराकडे तोंड असलेल्या खिडकीत ठेवला. "तुझ्या नातीला लागंल, वापर," म्हणाला. तेव्हापासून मुश्ताकच्या खिडकीतून निघालेलं वायफाय पऱ्या ओलांडून, फणसाला वळसा घालून कुशाबाच्या पडवीत येत होतं. दिसत नसलं तरी कुशाबाला ते दिसायचं. थंडीत सकाळी चुलीचा धूर जसा वर न जाता शेतावरून आडवा सरकत जातो, तसं ते येत असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं. अंकिताचा कॉम्प्युटर जुना. वारा सुटला, फणस हलला, की लाईन गेली. म्हणून ही लवंग.

अंकिता हर्षदची मुलगी. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून गावी आली ती परत गेलीच नाही. आता तिला पुण्याच्या एका कंपनीत काम लागत होतं, घरात बसून करायचं. अट एकच. गुरुवारी सकाळी नऊ ते बारा लाईन सलग राहिली पाहिजे. तिकडून ते बघत राहणार. राहिली, तर करंजकोंडातून काम कर. तुटली, तर सोमवारी पुण्याला ऑफिसात हजर हो.

कुशाबा आणि बनुबाई दोघंही तिला रोज सांगत होती, "लाईन तुटली तर तुटली. जा गो तू पुण्याला. आमचं काय अडतं?" दोघांनी हे इतक्या वेळा, इतक्या उत्साहाने सांगितलं होतं की अंकिता रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार करायची, यांना आपण जड झालो की काय.

गुरुवारी साडेआठला तिने कॉम्प्युटर लावला. लवंग बुधवारीच मागच्या बाजूला खोचून ठेवली होती. कॅमेरा सुरू झाला, समोर पुण्याची अनुपमा मॅडम दिसली, तिने अंगठा दाखवला. पण तिचा आवाज येईना. रात्री उंदराने स्पीकरची वायर कुरतडली होती. बाराला मॅडमशी बोलायचं होतं, म्हणजे आवाज हवाच. कॅमेऱ्याला स्वतःचे कान होते, तिकडे इथलं ऐकू जात होतं. इथे तिकडचं येत नव्हतं.

"मॅडम, मी महाडला जाऊन स्पीकर आणते. बाराच्या आत येते. लाईन चालू राहील," अंकिता कॅमेऱ्यात म्हणाली. मॅडमने मान डोलावली.

आता एक गोष्ट अशी, की बनुबाईला पडद्यावरच्या माणसांसमोर सारखा पदर सावरावा लागायचा. मागे एकदा तिने पडद्यावरच्या एका गृहस्थांसाठी चहाही ठेवला होता. म्हणून अंकिताने निघताना नुसता पडदा विझवला. कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची दिसत राहील, त्यात काय एवढं, असं तिला वाटलं.

"आजी, कॉम्प्युटर बंद दिसला तरी चालू आहे. कशालाही हात लावू नका."

"नाय लावत गो."

अंकिता पऱ्यावरचा साकव ओलांडून धुक्यात दिसेनाशी झाली. बनुबाईने पडद्याकडे पाहिलं. काळा होता. बंद ते बंद, चालू ते चालू. बंद दिसणारं चालू कसं असेल, हे काही तिला पटलं नाही. कॉम्प्युटरच्या खाली ठेवलेल्या डब्याच्या पुढच्या बाजूला मात्र तिला ते दिसलं. लवंगेएवढं, काळं, खोचलेलं.

"ही बघ," ती स्वतःशीच म्हणाली. "हळदकुंकवाशिवाय बसलीय बिचारी."

तिने ते हलकेच उपटलं. देवापुढे ताम्हनात विड्याचं पान, पानावर ती लवंग. पळीभर पाणी, हळद, कुंकू, अक्षता. हात जोडून ती म्हणाली, "बाई, तू हवेतलं धरतेस म्हणं. मग एक काम कर. माझी पोर धरून ठेव." हे तिने अगदी हळू म्हटलं. मोठ्याने म्हणायची घरात सोय नव्हती.

कुशाबा गोठ्यातून हात धुऊन आला आणि ताम्हनाकडे बघत उभा राहिला.

"ह्ये काय?"

"पूजा केली."

"ह्याची?"

"मग काय तुमची करू?"

"बने, पाणी घातलंस?"

"पळीभर. देवाला चालतं, ह्याला नाय चालत?"

कुशाबाने लवंग उचलून धोतराच्या सोग्याला पुसली. तिच्या पत्र्याच्या तोंडात कुंकू ओलं होऊन बसलं होतं. त्याचा चेहरा उतरला. पण दुसऱ्याच क्षणी त्याला आठवलं, की दोन वर्षांपूर्वी लावणीत त्याचा मोबाइल चिखलात पडला होता, तेव्हा साकिबने सांगितलं होतं, "चाचा, तांदळात घालून ठेवा, तांदूळ पाणी ओढून घेतो." मोबाइल दोन दिवस तांदळात राहिला आणि तिसऱ्या दिवशी सुरू झाला होता.

"तांदळात घालूया," तो म्हणाला.

"वाटीभर देऊ काय?"

"वाटीभरानं काय हुतंय? सुकायला पायजे ना बाराच्या आत!"

माजघरात नव्या भाताच्या तांदळाचं पिंप होतं, गळ्यापर्यंत भरलेलं. कुशाबाने लवंग मुठीत धरली आणि हात पिंपात कोपरापर्यंत घातला. मग दंडापर्यंत. जितकं खोल, तितका तांदूळ जास्त आणि तितकं लवकर सुकणार, असा त्याचा हिशोब. तळाशी गारवा लागला तेव्हा त्याने मूठ सोडली. नव्या तांदळाचा वास वर आला. हात वर आला. पिंप पुन्हा सपाट झालं, जसं काही झालंच नव्हतं.

कुशाबा वैरण घालायला गेला. तेवढ्यात पऱ्यापलीकडून मुश्ताकची बायको शरिफा आली.

"बनुताय, नवा तांदूळ दे गो थोडा. आज हुमेरा येणार हाय सासरहून. तिला आपल्या खोऱ्यातलाच भात लागतो."

"घे की. तुझंच हाय."

बनुबाईने पिंपात माप बुडवलं. वरचं नाही, खालचं. वरच्यात धूळ असते, आणि माहेरवाशिणीला देताना खालून द्यावं, हे तिला सासूने शिकवलं होतं. दोन मापं भरून, दाबून, तिने शरिफाच्या पिशवीत ओतली.

साडेनऊला कुशाबा हात झटकत आला. "सुकली असंल. बघू." हात पिंपात गेला. इकडे फिरला, तिकडे फिरला. कुशाबाचे डोळे छपराकडे लागले. असे डोळे त्याचे म्हशीची प्रसूती करताना लागायचे.

"लागली काय?"

"तांदूळ लागतोय."

"अवं, तांदळात तांदूळच लागणार!"

दहा मिनिटांनी त्यांनी पिंप पडवीत आणलं. माजघरात उजेड नव्हता. पडवीत पूर्वेच्या खिडकीतून ऊन अगदी कॉम्प्युटरसमोर पडायचं. तिथेच, काळ्या पडद्यासमोर, त्यांनी चटई अंथरली आणि पिंप आडवं केलं. तांदूळ ओघळला तसा ओघळतच राहिला. उन्हात त्याचा एक पांढरा डोंगर झाला. कुशाबा त्याच्याकडे थोडा वेळ नुसता बघत राहिला. सगळ्या वर्षाचे कष्ट असे एका जागी, उन्हात, त्याने कधी बघितलेच नव्हते.

"बघताय काय? शोधा!" बनुबाई म्हणाली. मग तिचाच हात थांबला. "आगं बाय. शरिफानं नेला की यातला तांदूळ."

कुशाबाने पऱ्याच्या काठावर जाऊन हाक मारली. "मुश्ताक! अरे मुश्ताक! भात शिजवू नका रे!"

पलीकडे मुश्ताक खिडकीत आला. "का? काय झालं भाताला?"

"त्यात वायफाय हाय!"

मुश्ताकने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग तो आत ओरडला, "शरिफा, गॅस बंद कर!"

पाच मिनिटांत दोघं साकवावरून आली. मुश्ताकच्या हातात फडक्यात धरलेलं भाताचं पातेलं, त्यातून वाफ निघत होती. शरिफाच्या हातात सूप आणि उरलेल्या तांदळाची पिशवी.

"अर्धा शिजला, अर्धा हाय," शरिफा म्हणाली. "मी धुतला तवा काय लागलं नाय हाताला. पण लक्ष तरी कुठं होतं माझं."

सगळी हकिकत ऐकून मुश्ताकने मिशीवरून हात फिरवला. कुवेतला वीस वर्षं राहिल्यामुळे त्याला माहीत नाही अशी एकही गोष्ट नव्हती. "घाबरू नका. मी वाळवंटात अंगठी शोधलीय. शेख लोकांची. पद्धत असते. वहिनी, तुम्ही भात बघा. शरिफा पाखडंल. कुशाबा, तू खडे वेच. मी लक्ष ठेवतो."

"कशावर?"

"सगळ्यांवर."

तर असा कारखाना सुरू झाला. बनुबाई परातीत गरम भात पसरून एकेक शीत दाबून बघत होती. शरिफा सुपात तांदूळ घेऊन पाखडत होती, आणि सुपाचा तो हलका, एकसारखा आवाज पडवीभर पसरला होता. कुशाबाने डोक्यावरची टोपी काढून उलटी शेजारी ठेवली आणि वेचलेले खडे तिच्यात टाकू लागला. त्याचा नियम होता, तांदूळ समोर आला की खडे वेचायचे. आपण काय शोधतोय ते पुढचं. समोरच्या काळ्या पडद्यात चौघांच्या सावल्या हलत होत्या.

"कुठल्या घडीला पूजा सुचली तुला," कुशाबा म्हणाला.

"आणि पिंपाच्या तळाला कुणी घातली?"

"पाणी तू घातलंस."

"बुडवली तुम्ही!"

"वहिनी, भांडू नका, शीत चुकंल," मुश्ताक म्हणाला.

मग बनुबाई परातीत बघतच म्हणाली, "मला एक सांगा. मुद्दाम तर नाय ना घातली तुम्ही तळाला?"

"मुद्दाम? मी?"

"रोज तर म्हणता, जा गो पुण्याला, जा गो पुण्याला."

"तू नाय म्हणत?"

"मी म्हणते कारण तुम्ही म्हणता! म्हटलं ह्यांना वाटतंय पोरीनं पुढं जावं, तर आपण कशाला आड यावं."

कुशाबाच्या हातातला खडा हातातच राहिला. "आगं, मी म्हणतो कारण पोरीला वाटू नये म्हाताऱ्यांनी पाय बांधले. मला काय ती जायला पायजे हाय? सकाळी ती त्या कॉम्प्युटरशी बोलते ना, 'गुड मॉर्निंग मॅडम', तवा मला गोठ्यात ऐकू येतं. म्हस पण कान हलवते. ती गेली तर ह्या घरात आवाज कसला उरणार? तुझा नि माझा. तो काय आवाज हाय?"

शरिफाचं सूप थांबलं. तिने डोळ्याला ओढणी लावली. "आमचा आदिल दुबईला गेला ना भाऊ, तवा मी आठ दिवस दोन भांडी जास्त घासत होते. नुसता आवाज व्हावा म्हणून."

मुश्ताक खिडकीबाहेर बघू लागला. तेवढ्यापुरतं त्याचं कुणावरच लक्ष राहिलं नाही. आणि शरिफाचं सूप पुन्हा सुरू झालं, पण आता ते जरा जोरात हललं. तांदळाबरोबर काहीतरी काळं उडालं आणि पडलं. कुणी बघितलं नाही. म्हणजे त्या पडवीत तरी कुणी बघितलं नाही.

ऊन वर चढलं होतं. गरम भाताचा आणि नव्या तांदळाचा वास मिसळून पडवी सुस्त झाली होती. खडे वेचता वेचता कुशाबाचे डोळे मिटले. त्याला दिसलं, त्याने ती लवंग खालच्या वाफ्यात पेरली आहे. रात्रीत तिला कोंब आला, कोंबाला बारीक पानं आली, पानापानात निळा दिवा. झाड वाढत वाढत डोंगराच्या वर गेलं आणि वरून जाणारी सगळी रेंज त्याच्या फांद्यांवर येऊन बसली, बगळे बसतात तशी. खाली अंकिता, पाचसहा वर्षांची, परकर उचलून बांधावरून चालत होती आणि म्हणत होती, "आबा, मी इथूनच जाते कामाला. हे बघा, पोचले." आणि खरोखरच ती पोचली होती, तरी बांधावरच होती. कुशाबाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

"हाड! हाड हाड!"

तो दचकून जागा झाला. बनुबाईच्या कोंबड्या तांदळाच्या डोंगरावर चढल्या होत्या आणि मनासारखं जेवत होत्या. मुश्ताक त्यांच्यामागे धावत होता. एक तांबडी तेवढी जागची हलली नाही. तिने मान वर केली, गळ्यातून काहीतरी खाली उतरवलं आणि डोळा मिचकावला.

"हिनं गिळली," मुश्ताक म्हणाला.

"तांदूळ गिळला असंल."

"तांदूळ असा उतरत नाय. मी बघितलं, अडकत अडकत गेलं. वहिनी, सुरी द्या."

"काय बोलता भाऊजी!" बनुबाईने कोंबडी उचलून पदराखाली घेतली. "माझी अंड्यावरची हाय. आणि आज गुरुवार हाय!"

"मग नातीची नोकरी?"

बनुबाईने कोंबडीकडे पाहिलं. मग नातीच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. पदराखाली कोंबडीचं ऊबदार पोट धडधडत होतं, आणि त्याच पोटात पोरीचं इथे राहणं अडकलं होतं.

"थांबा," मुश्ताक म्हणाला. "कापायच्या आधी खात्री करू. ती वस्तू हवेतलं धरते ना? मग पोटातून पण धरंल. कोंबडी कॉम्प्युटरजवळ न्या. दिवा लागला, तर हिच्यातच हाय. नाय लागला, तर हिला सोडा."

हे सगळ्यांना पटलं. बनुबाईने कोंबडी दोन्ही हातांनी धरून काळ्या पडद्यासमोर आणली. मुश्ताक वाकून दिवा शोधू लागला. "जरा वर. वर. डावीकडं. पोट पुढं करा." कोंबडीने कॅमेऱ्यात एक डोळा घातला, मग दुसरा घातला, आणि कॅमेऱ्यावर एक टोच मारली. पडदा काळाच राहिला.

"नाय लागला," मुश्ताक म्हणाला.

"सोडा मग तिला," शरिफा म्हणाली.

बनुबाईने कोंबडी खाली ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. "साडेअकरा झाले," ती म्हणाली. "संपलं."

कुशाबाने टोपी उचलली, खिडकीतून बाहेर खडे झटकले आणि ती डोक्यावर घातली. आता नात येईल, तिला काय सांगायचं ते टोपी घालूनच सांगावं, असं त्याला वाटलं.

सांगायची वेळ लगेच आली. साकवावर पावलं वाजली आणि अंकिता पिशवी छातीशी धरून धावतच पडवीत शिरली. केस विस्कटलेले, डोळे मोठे.

"काय झालं? कुणाला काय झालं?"

"कुणाला काय नाय गो."

"मग मॅडमचा फोन कसा आला? महाडच्या स्टँडवर होते मी. मॅडम म्हणाल्या, 'अगं, तुझ्या घरी तांदूळ...' आणि कट झाला. मग रेंजच नाही. मी आख्ख्या एसटीत रडत आले!" आणि मग तिने खाली पाहिलं. तांदळाचा डोंगर. परातीत पसरलेला भात. शरिफा सूप घेऊन. कोंबडी. "हे काय?"

"अंकिता," कुशाबा उभा राहिला. "पोरी, चूक माझी हाय. वस्तू मी हरवली."

"मी पूजा केली तिची," बनुबाई म्हणाली. "चूक माझी. लाईन कवाच तुटली असंल. तुला आता..."

अंकिताने पुढे होऊन पडद्याचं बटण दाबलं.

पडदा उजळला. पदर घ्यायचंही कुणाला सुचलं नाही. पडद्यावर एक माणूस नव्हतं, नऊ-दहा होती. पुण्याच्या ऑफिसातली सगळी टेबलं सोडून माणसं अनुपमा मॅडमच्या मागे दाटीवाटीने उभी होती. एकाच्या हातात चहाचा कप तसाच गार झालेला. सगळे डोक्याला हात लावून काहीतरी दाखवत होते, आणि मध्ये अनुपमा मॅडमने छातीशी एक मोठा कागद धरला होता.

कुशाबा पुढे सरकला. साठाव्या वर्षी तो प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकला होता, आणि समोर लिहिलेलं आलं की वाचल्याशिवाय त्याला राहवत नसे. त्याने कागदावर बोट धरल्यासारखं हवेत बोट धरलं आणि मोठ्याने वाचलं.

"का-कां-ची... टो-पी... ब-घा."

सगळ्यांनी काकांच्या टोपीकडे पाहिलं. काकांनी टोपी काढली. घडीत बोट घातलं. लवंग बोटाला लागून बाहेर आली, तोंडाला अजून कुंकू होतं.

पडद्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या ऐकू आल्या नाहीत, त्यामुळे पाण्याखाली कुणी टाळ्या वाजवाव्यात तशा दिसल्या.

अंकिताने लवंग हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि हळूच जमिनीवर, तांदळातच बसली.

"आबा, हे वायफायचं नाही. हे माझ्या माऊसचं आहे. तो बिनवायरचा आहे ना, हा बाण हलवायचा, त्याचं. पुढच्या बाजूला गेल्या वर्षापासून आहे."

"मग आपली लवंग?"

अंकिताने डब्याची मागची बाजू दाखवली. तिथे, धुळीत, कोळ्याच्या जाळ्याशेजारी, लवंगेएवढी ती खरी वस्तू बसली होती. तिच्यात निळा दिवा होता, अगदी कुशाबाच्या झाडावरच्या पानातल्यासारखा. तो शांतपणे लुकलुकत होता. सकाळपासून लुकलुकत होता.

अंकिताने बाराच्या ठोक्याला नवे स्पीकर जोडले तेव्हा पलीकडचा सगळा गोंगाट एकदम पडवीत आला.

"अंकिता, लाईन सलग आहे," अनुपमा मॅडम हसत, डोळे पुसत म्हणाल्या. "एकदाही तुटली नाही. खरं सांगू का, तुटू नये म्हणून आम्हीच देव पाण्यात घालून बसलो होतो. शेवट कळला नसता ना! मी दीड तास ओरडतेय, काका, टोपीत पडलं, टोपीत पडलं."

"म्हणजे... तुम्ही बघत होता?" बनुबाईने आता घाईने पदर घेतला.

"बघत होतो आणि ऐकतही होतो, आजी."

कुशाबाने टोपी डोळ्यांपर्यंत ओढली.

"अंकिता, तुझं काम पक्कं. तू आहेस तिथूनच कर," मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "पुण्याला यायचं नाव काढू नकोस. तुझ्या आबांची म्हैस कान हलवायची थांबेल."

अंकिताने आबांकडे पाहिलं. आबा टोपीच्या खाली होते. तिने आजीकडे पाहिलं. आजी परातीतलं एक शीत फार लक्ष देऊन दाबत होती.

"मला वाटायचं, तुम्हाला मी नको झाले," अंकिता म्हणाली.

"नको झाले म्हणं," बनुबाई शिताला म्हणाली. "पिंपभर तांदूळ उपसला तो काय वेड लागलं म्हणून?"

मुश्ताकने खाकरून घसा साफ केला. "चला, भात गार होतोय. हुमेरा येईल, नि घरात अन्नाचा कण नाय. दोन्ही घरचं इथंच जेवूया. भाताचं एकेक शीत वहिनींनी तपासलंय, खडा काय, वायफायसुद्धा निघायचं नाय."

सगळे हसले, पुण्यातलेही हसले. मॅडमनी तांदळाचा भाव विचारला, तर कुशाबा टोपीखालूनच म्हणाला, "विकायचा नाय. यायचं नि जेवायचं."

त्या गडबडीत बनुबाई उठली, डब्याच्या मागे वाकली आणि निळ्या दिव्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग ती देवघरात गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन परत आली.

"म्हंजे खरी ही," ती म्हणाली. "हिला तर अजून हळदकुंकू लागलंच नाय."

"नाही!" अंकिता, मुश्ताक, शरिफा, कुशाबा आणि पुण्याचं आख्खं ऑफिस एकाच वेळी ओरडलं. तांबडी कोंबडी तांदळावरून उडून थेट साकवापर्यंत गेली.

बनुबाईने करंडा मिटला. पण संध्याकाळी देवापुढचं निरांजन घेऊन ती पडवीत आली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. खोऱ्यात धुकं उतरलं होतं आणि मुश्ताकच्या खिडकीतला दिवा पऱ्यापलीकडे पुसट दिसत होता. ती चार हात लांबच उभी राहिली आणि तिथूनच तिने निरांजन ओवाळलं. डब्याच्या मागे निळा दिवा लुकलुकला.

"पावली गो बाई," बनुबाई हळूच म्हणाली. घरात ऐकायला कुणी असलं तरी आता हे मोठ्याने म्हणायला हरकत नव्हती. म्हणून ती पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणाली.

काळ्या पडद्यावरच्या कॅमेऱ्यावर मात्र, जाता जाता, तिने फडकं टाकलं.